समुद्रतळाचा सातबारा कोणाच्या नावावर?

निलंगा (प्रतिनिधी) : शेताच्या बांधावरून होणारे वाद मराठवाड्याला नवे नाहीत. दर हंगामात कोणीतरी बांध कोरतो, मग भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज जातो, भूकरमापक येतो, जुने हद्दीचे दगड शोधले जातात. निलंगा तालुक्याला तर याहून मोठ्या सीमारेषेचा अनुभव आहे. निजामाच्या राज्यात हा तालुका बीदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत अहमदपूर आणि उदगीर तालुक्यांसह निलंगा तेव्हाच्या मुंबई राज्यात आला आणि बीदर शहर कर्नाटकात गेले. नकाशावरची रेघ हलली की शाळा, कचेरी, न्यायालय आणि महसूल सारे बदलते, हे येथील जुन्या पिढीने पाहिले आहे.

जमिनीवर रेघ आखता येते, दगड पुरता येतो. समुद्राच्या तळाशी काय करायचे? तेथील तेल, वायू आणि खनिजे यांचा सातबारा कोणाच्या नावे लिहायचा? मुंबईच्या किनाऱ्यापासून पाचशे किलोमीटरहून दूर असलेल्या निलंग्यातील वाचकाला हा प्रश्न परका वाटेल. परंतु त्याच्या दुचाकीतील पेट्रोलपासून राज्याच्या तिजोरीपर्यंत अनेक गोष्टी या प्रश्नाच्या उत्तराशी जोडलेल्या आहेत.

भूखंडमंच म्हणजे काय?

किनाऱ्यापाशी जमीन संपते असे आपल्याला दिसते. प्रत्यक्षात ती पाण्याखाली मंद उताराने पुढे जात राहते. शालेय भूगोलात हिला 'समुद्रबूड जमीन' किंवा 'भूखंडमंच' म्हणतात. या मंचावरील पाण्याची खोली साधारणपणे दोनशे मीटरपर्यंत असते. त्यापुढे एकदम तीव्र उतार लागतो, तो खंडान्त उतार. त्याच्याही पुढे खोल सागरी मैदान सुरू होते.

भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर हा मंच सारखा नाही. पश्चिमेकडे मुंबई आणि खंबातच्या आखातासमोर तो सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेकडे केरळच्या बाजूला तो चिंचोळा होत जातो. पूर्व किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी तो अगदी अरुंद आहे. उथळ पाणी, नद्यांनी लाखो वर्षे आणून टाकलेला गाळ आणि त्याखाली तयार झालेले तेल व वायूचे साठे यांमुळे भूखंडमंच हा समुद्राचा सर्वांत मोलाचा भाग ठरतो.

तोफेच्या माऱ्यापासून दोनशे मैलांपर्यंत

युरोपीय आरमारांच्या काळात किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंतचा समुद्र त्या देशाचा, असा संकेत रूढ होता. किनाऱ्यावरील तोफेचा गोळा जेथवर पोहोचतो तेथवर राजाची सत्ता, अशी त्याची उपपत्ती सांगितली जाई. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्यापलीकडचा समुद्र सर्वांना मोकळा होता. पाण्याखालच्या जमिनीचा विचार कोणी फारसा करत नव्हते, कारण तेथवर पोहोचण्याचे साधनच नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेलाच्या विहिरी समुद्रात सरकू लागल्या आणि चित्र पालटले. २८ सप्टेंबर १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी आपल्या किनाऱ्यालगतच्या भूखंडमंचावरील नैसर्गिक संपत्तीवर अमेरिकेचा अधिकार जाहीर केला. मंच हा जमिनीचाच पुढचा भाग असल्याने तो किनाऱ्याच्या देशाचा, हा त्यामागील युक्तिवाद होता. पाठोपाठ इतर देशांनीही असेच दावे केले. भारताने १९५५ मध्ये राष्ट्रपतींच्या उद्घोषणेद्वारे आपला अधिकार सांगितला.

१९५८ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या करारात मंचाची मर्यादा दोनशे मीटर खोली, किंवा त्यापुढे जेथवर खनिजे काढणे शक्य असेल तेथवर, अशी ठरली. या दुसऱ्या वाक्यातच भांडणाचे मूळ होते. यंत्रे जितकी सुधारतील तितकी श्रीमंत देशांची हद्द पुढे सरकणार. म्हणजे बांध कोरायला कायद्याचीच परवानगी. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टाचे प्रतिनिधी अर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रसंघात हा धोका मांडला आणि राष्ट्रांच्या हद्दीपलीकडील समुद्रतळ हा साऱ्या मानवजातीचा सामायिक वारसा मानावा, असे आवाहन केले. १९७३ ते १९८२ अशी नऊ वर्षे चाललेल्या परिषदेतून संयुक्त राष्ट्रसंघाचा सागरी कायदा करार तयार झाला. १० डिसेंबर १९८२ रोजी जमैकातील माँटेगो बे येथे तो स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि १६ नोव्हेंबर १९९४ रोजी अमलात आला. भारताने त्याला २९ जून १९९५ रोजी अनुसमर्थन दिले. अमेरिका मात्र आजही या कराराची सदस्य नाही, तरीही तिने डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या विस्तारित भूखंडमंचाच्या सीमा जाहीर केल्या.

कोणती रेषा कोठे?

करारानुसार सर्व अंतरे किनाऱ्याच्या 'आधाररेषे'पासून मोजतात. भारताने आपल्या आधाररेषांची अधिसूचना मे २००९ मध्ये काढली.

१२ सागरी मैल (सुमारे २२ किलोमीटर) : प्रादेशिक समुद्र. येथे देशाची पूर्ण सत्ता. परकी जहाजांना केवळ निरुपद्रवी प्रवासाची मुभा.

२४ सागरी मैल (सुमारे ४४ किलोमीटर) : संलग्न क्षेत्र. जकात, आरोग्य, स्थलांतर इत्यादी बाबतीत कारवाईचा अधिकार.

२०० सागरी मैल (सुमारे ३७० किलोमीटर) : अनन्य आर्थिक क्षेत्र. मासे, खनिजे, ऊर्जा यांवर किनाऱ्याच्या देशाचा हक्क. जहाजवाहतूक सर्वांना मोकळी.

भूखंडमंच : किमान २०० सागरी मैल. भूरचना अनुकूल असेल तर त्यापलीकडेही. परंतु आधाररेषेपासून ३५० सागरी मैल (सुमारे ६४८ किलोमीटर), किंवा २,५०० मीटर खोलीच्या रेषेपासून १०० सागरी मैल, या मर्यादांच्या आत.

त्यापलीकडे : आंतरराष्ट्रीय समुद्रतळ. याचा कारभार जमैकातील आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी लागते. २०० मैलांच्या आत पाणी आणि तळ दोन्हींवर किनाऱ्याच्या देशाचा आर्थिक हक्क असतो. त्यापुढे विस्तारित मंच मिळाला तर तळ त्या देशाचा, पण वरचे पाणी आणि त्यातील मासे सर्वांचे. तळाला चिकटून राहणारे शिंपल्यांसारखे जीव मात्र तळाच्या हक्कात मोडतात. या विस्तारित पट्ट्यातून खनिज काढल्यास पहिल्या पाच वर्षांनंतर उत्पादनाचा एक टक्का आंतरराष्ट्रीय प्राधिकरणामार्फत इतर राष्ट्रांसाठी द्यावा लागतो. दरवर्षी तो वाढत जाऊन बाराव्या वर्षी सात टक्क्यांवर स्थिरावतो.

मुंबई हायचा धडा

हा सारा विषय महाराष्ट्रासाठी केवळ पुस्तकी नाही. 'सागर सम्राट' या तरंगत्या खोदयंत्राने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले. तेथे पाण्याची खोली पाऊणशे मीटरच्या आसपास आहे. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले आणि मुंबई हाय हे देशातील सर्वांत मोठे तेलक्षेत्र ठरले. वसईच्या सागरी क्षेत्रातील वायूसाठा १९७६ मध्ये सापडला. उरणच्या प्रकल्पात तेल आणि वायू येऊ लागला, ऐंशीच्या दशकात हजिरा ते जगदीशपूर वाहिनीतून हा वायू उत्तर भारतापर्यंत गेला.

आता हे अंतर पाहा. १६० किलोमीटर म्हणजे बारा मैलांच्या प्रादेशिक समुद्राच्या कितीतरी पलीकडे. १९७४ मध्ये दोनशे मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र भारतीय कायद्यात नव्हते. मग त्या तेलावर भारताचा हक्क कशाच्या बळावर? तो भूखंडमंचाच्या बळावर. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन ही भारतीय भूमीचेच पाण्याखालील रूप, या तत्त्वावर तो उभा होता. फेब्रुवारी १९६९ मध्ये उत्तर समुद्राच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हेच तत्त्व उचलून धरले होते : मंचावरील हक्क मूळचा असतो, तो मिळवण्यासाठी ताबा घ्यावा लागत नाही. तेल लागल्यानंतर दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, संसदेने सागरी क्षेत्रांचा स्वतंत्र कायदा केला आणि दोनशे मैलांचे क्षेत्रही त्यात आले.

या तेलाची किंमत माणसांनीही मोजली आहे. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय उत्तरच्या फलाटावर लागलेल्या आगीत २२ जणांचा बळी गेला. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात याच तेलक्षेत्रात 'पी-३०५' ही तराफा-नौका बुडाली आणि सत्तरहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले.

स्वामित्वधन दिल्लीला का?

तेल महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर, मग स्वामित्वधन महाराष्ट्राला का नाही, हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. याचे उत्तर राज्यघटनेच्या २९७ व्या अनुच्छेदात आहे. प्रादेशिक समुद्राखालील जमीन आणि खनिजे संघराज्याकडे, म्हणजे केंद्राकडे, निहित राहतील अशी तरतूद घटनेत मुळापासून होती. १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने त्यात भूखंडमंच आला आणि १९७६ च्या चाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनन्य आर्थिक क्षेत्राची भर पडली. त्यामुळे गुजरात किंवा आसामच्या जमिनीवरील विहिरीतून तेल निघाले तर त्याचे स्वामित्वधन त्या राज्याला मिळते. समुद्रातील विहिरीचे स्वामित्वधन केंद्राच्या तिजोरीत जाते.

याचा अर्थ निलंग्याच्या वाचकाने असा घ्यावा : किनाऱ्यापासून एक मैल आतल्या विहिरीचा पैसा राज्याच्या अंदाजपत्रकात येतो, एक मैल बाहेरच्या विहिरीचा येत नाही. स्वामित्वधन हे करेतर उत्पन्न आहे आणि तेलावरील उपकरही वित्त आयोगाच्या वाटपाबाहेर राहतो, म्हणून राज्यांना द्यावयाच्या केंद्रीय करांच्या हिश्शातही ही रक्कम धरली जात नाही.

या व्यवस्थेच्या बाजूनेही सबळ कारण दिले जाते. समुद्राचे रक्षण, सीमेचे वाद, शोधाचा प्रचंड खर्च हे सारे केंद्र उचलते. आणि समुद्रच नसलेल्या राज्यांनाही देशाच्या संपत्तीत वाटा असावा. दुसरीकडे, तेलगळती झाली, मासेमारीची जागा गेली, तर झळ प्रथम किनाऱ्यावरच्या गावांना बसते. इतर संघराज्यांनी वेगवेगळे मार्ग काढले आहेत. अमेरिकेत १९५३ च्या कायद्याने किनाऱ्यालगतचा तीन मैलांचा तळ राज्यांना दिला; टेक्सासला आणि फ्लोरिडाच्या आखाती किनाऱ्याला तो सुमारे नऊ मैल आहे. कॅनडाने १९८५ मध्ये न्यूफाउंडलंडशी करार करून समुद्रातील तेलाचे उत्पन्न, जणू ते जमिनीवर सापडले असावे, अशा रीतीने त्या प्रांताला मिळण्याची सोय केली.

मासेमारीची विभागणी मात्र भारतातही वेगळी आहे. बारा मैलांच्या आतील मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. बारा मैलांपलीकडे केंद्र. म्हणजे एकाच किनाऱ्यावर, आतल्या पट्ट्यातील मासळी राज्याच्या कायद्याखाली आणि त्याच पाण्याखालचे तेल केंद्राच्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने समुद्रातील इतर खनिजांच्या गटांचा पहिला लिलाव पुकारला. त्यात गुजरातसमोरील चुनखडीयुक्त चिखल, केरळसमोरील बांधकामाची वाळू आणि ग्रेट निकोबारजवळील बहुधातू गोटे होते. त्यामुळे राज्य आणि केंद्र यांच्यातील हा जुना प्रश्न पुन्हा पुढे आला आहे.

मुंबई सरकारचा ठराव आणि सर क्रीक

शेजारी देशांचे किनारे जवळ असतील तर दोघांच्या मंचाची वाटणी करावी लागते. भारताने श्रीलंकेशी १९७४ आणि १९७६ मध्ये करार केले. मालदीव, इंडोनेशिया, थायलंड आणि म्यानमार यांच्याशीही सीमा ठरल्या. पाकिस्तानशी मात्र अद्याप ठरलेली नाही, आणि त्याचे एक मूळ मुंबईच्या जुन्या सरकारी दप्तरात आहे.

कच्छच्या रणात सर क्रीक नावाची सुमारे ९६ किलोमीटर लांबीची दलदलीची खाडी आहे. कच्छ संस्थान आणि सिंध यांच्यातील तंट्यावर मुंबई सरकारने १९१४ मध्ये ठराव केला. तेव्हा सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. त्या नकाशावरील रेषा खाडीच्या पूर्व काठाने जाते, म्हणून सारी खाडी आपली, असे पाकिस्तान म्हणतो. नौकानयनास योग्य खाडीत सीमा मुख्य प्रवाहाच्या मध्यातून जाते आणि १९२५ चा नकाशाही तेच दाखवतो, असे भारताचे म्हणणे आहे. कच्छच्या रणाचा वाद १९६८ च्या निवाड्याने मिटला, पण ही खाडी त्यातून बाहेर राहिली. २००७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून तिची पाहणी केली. तोडगा निघाला नाही.

खाडीची रुंदी फार नाही. पण समुद्रातील सीमारेषा जमिनीवरच्या ज्या टोकापासून सुरू होते ते टोकच वादात असल्याने पुढे समुद्रात हजारो चौरस किलोमीटरचा प्रश्न लोंबकळत राहतो. त्याचा भुर्दंड मच्छीमार भरतात. गुजरातच्या नौकांवर खलाशी म्हणून जाणारे पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी भागातील अनेक तरुण पाकिस्तानच्या तुरुंगांत अडकले आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानी यंत्रणेच्या गोळीबारात पालघरच्या एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. दोन्ही देश २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. त्या याद्यांत मच्छीमारांचीच संख्या मोठी असते. पाण्यावर न दिसणारी रेघ त्यांच्या घरच्यांना मात्र रोज दिसते.

बांगलादेशाशी असलेला वाद याउलट लवादाने मिटला. बांगलादेशाने ऑक्टोबर २००९ मध्ये प्रक्रिया सुरू केली आणि हेग येथील लवादाने ७ जुलै २०१४ रोजी निवाडा दिला. सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरच्या वादग्रस्त क्षेत्रापैकी सुमारे १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशाला मिळाले. भारताने निकाल स्वीकारला. या निवाड्यात एक छोटा 'करडा पट्टा'ही निर्माण झाला, जेथे तळ बांगलादेशाचा आणि वरचे पाणी भारताचे आहे.

निलंग्याची माती आणि बंगालचा उपसागर

दोनशे मैलांपलीकडे हक्क सांगायचा तर पुरावा मातीचा द्यावा लागतो. कराराच्या ७६ व्या अनुच्छेदातील एका सूत्रानुसार, खंडान्त उताराच्या पायथ्यापासून जितके अंतर, त्याच्या किमान एक टक्का जाडीचा गाळाचा थर त्या ठिकाणी असला पाहिजे. म्हणजे पायथ्यापासून शंभर किलोमीटरवर हक्क सांगायचा, तर तेथे किमान एक किलोमीटर जाडीचा गाळ दाखवावा लागतो. दुसऱ्या सूत्रानुसार पायथ्यापासून ६० सागरी मैलांपर्यंत जाता येते. बंगालच्या उपसागराच्या दक्षिण भागात गाळाची रचना वेगळी असल्याने १९८२ च्या परिषदेने तेथे एक किलोमीटर जाडीच्या गाळाची खास पद्धतही मान्य केली.

येथे मराठवाड्याचा संबंध थेट येतो. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा लातूर जिल्ह्यातून वाहते, निलंगा तालुक्यात औराद शहाजानीजवळ तेरणा तिला मिळते, पुढे ती गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. अरबी समुद्र आपल्याला जवळचा वाटतो. पण निलंग्याच्या शिवारातून पावसाळ्यात वाहून गेलेल्या काळ्या मातीची वाट पूर्वेकडची आहे. उपसागरातील गाळाचा प्रचंड ढीग मुख्यतः गंगा-ब्रह्मपुत्रेने हिमालयातून आणलेला असला, तरी त्यात गोदावरीचाही वाटा आहे. गोदावरीच्या मुखासमोरील तळातून काढलेल्या नमुन्यांच्या अभ्यासात दख्खनच्या बेसाल्टी मातीचे प्रमाण गेल्या काही हजार वर्षांत वाढल्याचे आढळले. कोरडे होत गेलेले हवामान आणि शेतीचा विस्तार ही त्याची कारणे संशोधकांनी दिली. आता धरणांमुळे हा गाळ मोठ्या प्रमाणात वाटेतच अडतो. याच कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या खोल समुद्रात २००२ मध्ये मोठा वायूसाठा सापडला आणि एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले.

विस्तारित मंचाचे दावे २१ तज्ज्ञांचा एक आयोग तपासतो. भारताने आपला दावा ११ मे २००९ रोजी, मुदतीच्या दोनच दिवस आधी, सादर केला. त्यासाठीच्या सर्वेक्षणात गोव्यातील वास्को येथील ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने मध्यवर्ती भूमिका बजावली. उपसागराच्या दक्षिण भागासाठी खास पद्धतीनुसार वेगळा दावा करण्याचा हक्कही भारताने राखून ठेवला. शेजाऱ्यांशी वाद असलेल्या क्षेत्राचा दावा संबंधितांच्या संमतीशिवाय आयोग विचारात घेत नाही, त्यामुळे ही कामे वर्षानुवर्षे चालतात. पाकिस्तानच्या सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरच्या विस्तारावर आयोगाने मार्च २०१५ मध्ये शिक्कामोर्तब केले.

मंचाच्याही पलीकडे भारताचे पाऊल पडले आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून पहिला बहुधातू गोटा वर काढला. त्या बळावर १९८७ मध्ये भारताची पहिला 'अग्रणी गुंतवणूकदार' म्हणून नोंद झाली. मध्य हिंदी महासागरात आज भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचे शोधक्षेत्र आहे. तेथे मालकी नाही, केवळ परवाना आहे. कारण तो सामायिक वारसा आहे.

रेघ आणि हिशेब

भारताचे अनन्य आर्थिक क्षेत्र वीस लाख चौरस किलोमीटरहून अधिक आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या सहापटीहून जास्त. या अदृश्य शिवाराची मोजणी जवळजवळ पुरी होत आली आहे; पश्चिमेकडील एक कोपरा तेवढा शिल्लक आहे. राष्ट्रांमधील वाटणीसाठी करार, लवाद आणि आयोग आहेत. देशांतर्गत वाटणीचा निर्णय मात्र घटनेने एकदाच करून ठेवला आहे. समुद्रातून येणारे उत्पन्न किनाऱ्याला किती, आतल्या दुष्काळी तालुक्यांना किती आणि केंद्राला किती, हा प्रश्न समुद्री खनिजांच्या नव्या लिलावांबरोबर पुन्हा विचारला जाणार आहे. तो विचारण्याचा अधिकार किनाऱ्यावरील मतदाराइतकाच निलंग्यातील मतदारालाही आहे.